स्पीकरच्या पोटातला क्रॉसओव्हर काढून टाकू का?

गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याशेजारचे भोंगे ऐकून कान किटले की सोलापूरकर घरच्या सिस्टीमकडे वळतात, असा माझा अनुभव आहे. दरवर्षी संक्रांतीनंतर प्रश्न वाढतात. यंदा तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर, ॲक्टिव्ह करू का? म्हणजे गाण्याचा खालचा आणि वरचा भाग वेगळा करणारा स्पीकरमधला क्रॉसओव्हर काढून तेच काम ॲम्पच्या आधी करू का? म्हणून बाकीचे टर्नटेबलवाले, केबलवाले पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार काका. मी जुळे सोलापुरात राहतो, बँकेतून रिटायर झालोय, आता गाणी ऐकायला वेळच वेळ आहे. हॉल १२ बाय १४ फूट, खाली शहाबादी फरशी. स्पीकर टू-वे फ्लोअरस्टँडर आहेत, ८ इंची वूफर आणि १ इंची सॉफ्ट डोम ट्वीटर, मागे चार टर्मिनल आणि त्यांच्यामध्ये पितळी पट्ट्या. ॲम्प ६० वॉटचा इंटिग्रेटेड. दुकानदार म्हणतो पट्ट्या काढा, अजून एक ॲम्प घ्या, झालं ॲक्टिव्ह. पुतण्या म्हणतो तसं नसतं, आतला क्रॉसओव्हरच काढून टाकायचा, डीएसपी, म्हणजे तेच काम डिजिटल पद्धतीने करणारा डबा, लावायचा, मग दोन ॲम्प. कुणाचं ऐकू? पैशाचा प्रश्न नाही पण स्पीकर मोठ्या हौसेने घेतलेत, वाया घालवायचे नाहीत.

उत्तर : पुतण्याचं बरोबर आहे, दुकानदाराचं चूक आहे, आणि तरीही पुतण्याचं ऐकू नका. निदान इतक्यात तरी नको.

आधी दुकानदाराचं बघू, ते पटकन संपतं. पट्ट्या काढून वूफरला (खालचे आवाज काढणारा मोठा कोन) एक ॲम्प आणि ट्वीटरला (वरचे आवाज काढणारा छोटा डोम) दुसरा जोडला तर त्याला पॅसिव्ह बाय-ॲम्पिंग म्हणतात. यात स्पीकरच्या पोटातल्या कॉइल आणि कपॅसिटर जागच्या जागीच राहतात. दोन्ही ॲम्पना पूर्ण गाणं जातं, तबल्याच्या डग्ग्यापासून झांजेपर्यंत सगळं, आणि दोन्ही ॲम्प ते सगळं मोठं करून पाठवतात, मग क्रॉसओव्हर त्यातला अर्धा भाग अडवतो. म्हणजे ट्वीटरवाल्या ॲम्पला करंट कमी द्यावा लागतो हे खरं, पण व्होल्टेज त्याला पूर्ण गाण्याचंच काढावं लागतं, त्यामुळे तो क्लिप व्हायचा, म्हणजे ताकद संपून आवाज फाटायचा, तिथेच क्लिप होणार. दुसऱ्या ॲम्पचे पैसे मोजून पदरात फारसं काही पडत नाही. दुकानदाराच्या पदरात पडतं, ते वेगळं.

खरं ॲक्टिव्ह म्हणजे क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी. गाणं अजून लाईन लेव्हलला, म्हणजे एक-दोन व्होल्टवर असतानाच त्याचे दोन भाग करायचे, खालचा भाग वूफरच्या ॲम्पला, वरचा ट्वीटरच्या ॲम्पला, आणि ॲम्प ते ड्रायव्हर (वूफर किंवा ट्वीटर) मध्ये फक्त वायर. फायदा काय तर ॲम्पला अर्धंच काम येतं. कागदावरचा हिशोब सांगतो, ५० वॉटचा ॲम्प ८ ओहमवर साधारण २८ व्होल्टची पीक, म्हणजे कमाल टोक, काढतो, दोन भागांच्या पीक एकाच वेळी आल्या तर एकट्या ॲम्पला ५६ व्होल्ट काढावे लागले असते, आणि तेवढ्यासाठी २०० वॉटचा ॲम्प लागतो. प्रत्यक्षात गाण्यात वरच्या भागाची ताकद बरीच कमी असते म्हणून फायदा इतका मोठा दिसत नाही, पण दिसतो. आणि दुसरं म्हणजे बास जोरात आला आणि वूफरचा ॲम्प क्लिप झाला तरी त्याची घाण ट्वीटरपर्यंत जात नाही. हे कानाला खरोखर कळतं.

डॅम्पिंग फॅक्टरचं, म्हणजे ॲम्प वूफरला किती घट्ट धरून ठेवतो त्या आकड्याचं, मात्र लोक उगाच कौतुक करतात. ॲम्पचा डॅम्पिंग फॅक्टर १०० असेल आणि मध्ये ०.४ ओहमची कॉइल आली की तो १७ च्या आसपास घसरतो, हे ऐकायला भयंकर वाटतं, पण वूफरच्या स्वतःच्या व्हॉइस कॉइलचाच रेझिस्टन्स सहा ओहमच्या आसपास असतो आणि तो कुठे जात नाही, त्यामुळे कॉइल काढून बासच्या कंट्रोलमध्ये पडणारा फरक शेकडा सहा-सात इतकाच. कुणी तुम्हाला फक्त डॅम्पिंग फॅक्टरवर ॲक्टिव्ह विकत असेल तर चहा पिऊन घरी या.

आता पुतण्याचं. तो समजतो क्रॉसओव्हर म्हणजे गाळणी, खालचं इकडे आणि वरचं तिकडे. मीही पहिल्यांदा तसंच समजून एक जोडी उघडली होती, खूप वर्षं झाली. दोन कॉइल, तीन कपॅसिटर, चार रेझिस्टर, मनात म्हटलं एवढंसंच आहे तर, काढलं बाहेर, पुस्तकातला २४ डीबीचा (डेसिबलचा) फिल्टर लावला आणि रात्री गाणं लावलं. बाईचा आवाज नाकातून यायला लागला, पेटी पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखी, आणि बास कुठे गेला कळेना. आठवडाभर मी स्वतःला पटवत होतो की हे जास्त खरं आहे, मला सवय नाही म्हणून. शेवटी घरच्यांनीच विचारलं, ते जुनं परत लावणार कधी?

चूक अशी की त्या चार रेझिस्टरमध्ये बनवणाऱ्याचा कान होता आणि मी तो कचऱ्यात टाकला होता. बघा, स्पीकरच्या तोंडाची रुंदी २३ सेंटिमीटर असेल तर साधारण ५०० हर्ट्झच्या खाली आवाज पुढेच न जाता मागेही पसरायला लागतो, मोकळ्या जागेत खाली जाता जाता ६ डीबीपर्यंत पडतो. याला बॅफल स्टेप म्हणतात. कंपनीचा माणूस क्रॉसओव्हरची कॉइल जरा मोठ्या मापाची घेऊन वूफरचा वरचा भाग दाबतो आणि हे भरून काढतो. ट्वीटर वूफरपेक्षा चार-पाच डीबी जोरात वाजणारा असतो, त्याला रेझिस्टरने खाली आणतो. वूफरचा कोन चार-पाच हजार हर्ट्झला कुठे किंचाळत असेल तर तिथे नॉच, म्हणजे तेवढीच जागा दाबणारा फिल्टर, लावतो. हे सगळं त्या आठ-दहा भागांत मिसळलेलं असतं, वेगळं दिसत नाही. आपण ते काढतो आणि त्याच्या जागी फक्त गाळणी लावतो. मग आवाज बिघडला की ॲक्टिव्हला नावं ठेवतो.

म्हणूनच बघा, स्कॉटलंडची लिन किंवा इंग्लंडची नेम या कंपन्यांनी ॲक्टिव्ह विकलं ते त्या त्या स्पीकरसाठी वेगळा बनवलेला क्रॉसओव्हर देऊन. एकच डबा सगळ्या स्पीकरना चालतो असं त्यांनी केलं नाही. डीएसपीचा डबा मात्र कुठल्याही स्पीकरला चालतो, आणि तीच त्याची गंमत आणि तोच त्याचा धोका, कारण त्यात त्या स्पीकरचा कान तुम्हाला भरायचाय.

तरी करायचंच असेल, आणि पुतण्या मदतीला असेल तर गंमत आहे, मी नाही म्हणणार नाही. फक्त क्रमाने करा.

आधी ॲम्पच्या मागे प्री-आऊट, म्हणजे पॉवर भागाच्या आधीचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट, आहे का बघा. असेल तर तिथून डीएसपीला आणि तिथून दोन पॉवर ॲम्पना. तुमच्याच ॲम्पला मेन-इनही, म्हणजे थेट पॉवर भागात सिग्नल घेणारं सॉकेट, असेल तर तो एक आणि नवीन एक. दोन्ही ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवतो तो आकडा, सारखा नसतो, एक २६ डीबी आणि दुसरा २९ डीबी असं सर्रास असतं, तो ३ डीबीचा फरक डीएसपीत काढायचा.

क्रॉसओव्हर कापून काढू नका, सोल्डर सोडवून, फोटो काढून, लेबल लावून डब्यात ठेवा. मागची चार टर्मिनल आता थेट ड्रायव्हरला जोडता येतात. आणि त्या पितळी पट्ट्या, त्या कपाटात कुलूप लावून ठेवा. चुकून कुणी साफसफाई करताना त्या परत बसवल्या आणि दोन ॲम्प चालू केले तर दोन ॲम्पचे आऊटपुट एकमेकांत भिडतात. आमच्या एका मित्राकडे दिवाळीच्या साफसफाईत नेमकं हेच झालं.

ट्वीटरच्या पुढे एक कपॅसिटर कायमचा ठेवा. ६ ओहमचा ट्वीटर असेल तर ४७ मायक्रोफॅरड, ८ ओहम असेल तर ३३. हे साधारण ६०० हर्ट्झच्या आसपास कापतात, तुमचा क्रॉसओव्हर २५०० वर असेल तर आवाजात नाममात्र फरक आणि तोही डीएसपीत सांभाळता येतो, पण ॲम्प चालू करतानाचा धप् आवाज आणि कधी ॲम्प बिघडून डीसी आला तर तो इथे अडतो. शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडू देत, ट्वीटर तुमचा आहे.

मग मोजमाप. कॅलिब्रेशन फाईलसह येणारा यूएसबी माईक आणि आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. मोबाईलच्या माईकवर भरवसा नको. हॉलमध्ये भिंतींचे प्रतिध्वनी मोजमापात मिसळतात म्हणून मी स्पीकर रात्री गच्चीवर नेतो. टेबलावर स्टूल ठेवून स्पीकर आणि माईक दोन्ही जमिनीपासून दीड मीटर उंच, एकमेकांपासून १ मीटर, तर फरशीवरून परतणारा आवाज साधारण ६ मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढ्याच वेळाची खिडकी ठेवली, म्हणजे त्यानंतरचं मोजमाप कापलं, की साधारण १६० हर्ट्झच्या वरचं चित्र स्वच्छ मिळतं. शेजारी विचारतात हे काय चाललंय, सांगायचं पाऊस कधी येतो बघतोय.

फिल्टर कोणता, तर लिंकविट्झ-रायली २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह (फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी झाली की एक ऑक्टेव्ह), यापासून सुरुवात करा. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघं ह्यूलेट-पॅकार्डमधले इंजिनिअर, १९७६ मध्ये लिंकविट्झचा पेपर आला. क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही बाजू ६ डीबी खाली असतात आणि मिळून सपाट होतात. पण हे जमतं केव्हा, दोन्ही ड्रायव्हरचा आवाज एकाच वेळी पोचला तर. ट्वीटरचं आवाजाचं केंद्र वूफरच्या केंद्राच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे असतं, २.५ सेंटिमीटर म्हणजे ०.०७ मिलिसेकंद, तेवढा उशीर ट्वीटरला द्यायचा. बरोबर बसलं का ते कळायची सोपी युक्ती आहे, ट्वीटरची प्लस-मायनस डीएसपीमध्ये उलटी करा आणि परत मोजा. क्रॉसओव्हरच्या जागी खोल खड्डा पडला तर तुमचा उशीर बरोबर आहे, परत सुलटी करा आणि समाधानाने झोपा. खड्डा उथळ किंवा वाकडा असेल तर अजून जुळलेलं नाही.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, ट्वीटरसमोरचा रेझिस्टर गेला की ॲम्पची सुसू (गाणं नसतानाचा स्स्स आवाज) थेट ट्वीटरमध्ये येते. पाच डीबीचा रेझिस्टर होता तर सुसू पाच डीबी वाढली. रात्री बारा वाजता गाणं थांबलं की ऐकू येते. कमी गेनचा ॲम्प घ्या किंवा तो रेझिस्टर परत लावा, त्यात कमीपणा नाही.

हे सगळं वाचून दमला असाल तर मधला रस्ता सांगतो आणि माझ्या मते तुमच्यासाठी तोच बरोबर आहे. स्पीकर उघडू नका. एक चांगला सबवूफर घ्या, प्री-आऊटमधून डीएसपी, ८० हर्ट्झच्या खालचं सबला, वरचं तुमच्या स्पीकरना. पॉवर ॲम्प वेगळा घ्यायचा किंवा तुमच्या ॲम्पला मेन-इन असेल तर तोच. हेही ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरच आहे आणि ॲक्टिव्हचा सगळ्यात जास्त फायदा खालीच असतो, कारण इतक्या खाली पॅसिव्ह कॉइल नारळाएवढी लागते. तुमच्या ८ इंची वूफरवरचं खालचं ओझं गेलं की त्याचा मधला आवाज मोकळा होतो, आणि २५०० हर्ट्झवर ज्याने कान लावून काम केलंय त्याचं काम शाबूत राहतं.

आणि त्याच्याही आधी, सर, तो हॉल. १४ फुटांवर ४० हर्ट्झ, १२ फुटांवर ४७ हर्ट्झ घुमणार, त्यात शहाबादी फरशी आणि बहुतेक समोर काचेचं शोकेस. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे आणा. हे करायला काही खर्च नाही आणि आठ दिवसांत कळेल की पुढे किती करायचंय.

प्रश्न : सर मी अशोक चौकाकडचा, आमचे टॉवेलचे लूम आहेत, मीच बघतो. घरी स्वतः बॉक्स बनवलेत, ६ इंची वूफर, सिल्क डोम ट्वीटर, टीपीए३११६ चिपचे दोन ॲम्प बोर्ड लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या ॲडाप्टरवर आणि एक छोटा डीएसपी. सगळं ॲक्टिव्ह. पहिले चार दिवस लई भारी वाजलं पण आता तिसरी जोडी ट्वीटरची गेली. मित्र म्हणतो काय करलालास बे, साधं घे आणि गप बस. बोर्डवर ५०+५० वॉट लिहिलंय, क्रॉसओव्हर १००० वर ठेवलाय कारण आवाज भरीव येतो. वूफर जरा मवाळ वाटतं म्हणून ट्वीटर ६ डीबी वाढवलाय. चुकतंय कुठे?

उत्तर : दादा, मित्राला सांग अजून गप बसायची वेळ आलेली नाही. तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं, मग जरा काळजी वाटली, ती शेवटी सांगतो.

१००० हर्ट्झ हे पहिलं. ट्वीटरला तेवढाच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायला चौपट हलावं लागतं. ३००० वर जेवढा हलतो त्याच्या नऊपट १००० वर हलणार, आणि ट्वीटरचा डोम हलतो किती, मिलिमीटरपेक्षाही कमी. त्याची स्वतःची रेझोनन्स फ्रिक्वेन्सीसुद्धा (जिथे तो आपसूक जास्त हलतो ती) बहुतेक ट्वीटरमध्ये ७०० ते १००० च्या आसपास असते, म्हणजे तू नेमका त्याच्या नाजूक जागी भार टाकतोयस. भरीव येतो हे खरंय, फुटेपर्यंत येतो. २५०० ला ने, किंवा ट्वीटरच्या डेटाशीटमध्ये जी रेझोनन्स लिहिली असेल तिच्या निदान दुप्पट वर.

दुसरं, ते ५०+५० वॉट २१ व्होल्ट आणि ४ ओहमवरचे आहेत. १९ व्होल्टवर ८ ओहमचा वूफर असेल तर २० वॉटच्या आसपास मिळतात. मवाळ वाटतं याचं एक कारण हे. जोरात वाजवायला गेलास की वूफरचा ॲम्प क्लिप होतो, ॲक्टिव्ह असल्याने ती घाण ट्वीटरला जात नाही हे तुझं नशीब. पण ट्वीटरचा बोर्डही त्याच ॲडाप्टरवर असेल तर डग्गा वाजला की व्होल्टेज डुलतं आणि ट्वीटरचा ॲम्पही अडखळतो. वेगळा ॲडाप्टर घे.

तिसरं, चालू-बंद. तुझा डीएसपी बूट व्हायला दोन-तीन सेकंद घेतो, तेवढ्यात ॲम्प आधीच जागा असेल तर धप् थेट ट्वीटरला. आधी डीएसपी, मग ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प. वरच्या उत्तरातला कपॅसिटर तुलाही लागू आहे, तो पहिल्या दिवशी लावला असतास तर बहुतेक दोन जोड्या वाचल्या असत्या.

अजून एक, या चिपचा आऊटपुट ब्रिज असतो, म्हणजे स्पीकरची मायनस वायर ग्राउंड नसते. बॉक्समध्ये वायर वाचवायला वूफर आणि ट्वीटरची मायनस एक केलेली नाहीस ना? केली असशील तर आजच सोडव. आणि वूफरची आणि ट्वीटरची वायर उलट लागू नये म्हणून एकच स्पीकॉन कनेक्टर लाव, चार पोलवाला, १ ची जोडी वूफरला, २ ची ट्वीटरला. मग अंधारातही चूक होत नाही.

आता काळजीचं. ६ डीबी म्हणजे ट्वीटरला चौपट पॉवर. तुझ्या ट्वीटरच्या मापाचा ग्राफ तू पाठवलायस तो बघितला, तुझा ट्वीटर वूफरपेक्षा आधीच जोरात आहे, त्यावर तू अजून ६ वाढवलेस आणि तरी तुला ते बरोबर वाटतंय. वूफर मवाळ वाटतं असंही लिहिलंयस, पण माझ्या मते वूफर मवाळ नाहीये, वरचं तुला कमी ऐकू येतंय. लूमवर किती वर्षं आहेस? शटल लूमच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असणं नवीन नाही, आणि कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादाच ९० ची आहे. अशा आवाजाने कान जातो तो सगळीकडे सारखा जात नाही, आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, बोलणं नीट ऐकू येतं म्हणून माणसाला कळतच नाही. मग तो झांज आणि तानपुऱ्याची झिलई कमी पडते म्हणून ट्वीटर वाढवत बसतो, ट्वीटर जळतो, नवीन आणतो, परत वाढवतो.

मी डॉक्टर नाही, चुकत असेन तर बरंच. पण एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कर, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि शेडमध्ये जाताना इअर प्लग, तुला आणि कामगारांनाही, मास्टर वीव्हर चिडला तरी. सिस्टीम तोपर्यंत मोजून सेट कर, कानाने नको. मोजून सपाट केल्यावर तुला मंद वाटेल, दोन आठवडे तसंच राहू दे. मग वाटलं तर दोन डीबी वाढव, तुझं घर आहे, तुझे कान आहेत, त्यात काही पाप नाही. पण घरात लहान मुलं असतील तर त्यांना ते सहा डीबी टोचत असणार, विचारून बघ.

प्रश्न : अक्कलकोटहून. ॲक्टिव्ह केल्यापासून चारही चॅनलमध्ये गुणगुण येते. इलेक्ट्रिशियन म्हणाला एका ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, थांबेल.

उत्तर : थांबेल, आणि उद्या ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाला तर ॲम्पची बॉडी २३० व्होल्टवर येईल आणि तुम्ही व्हॉल्यूमला हात लावायला जाल. पिन काढू नका. पहिल्यांदा सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डवर, एकाच सॉकेट लाईनवर आणा. मग ॲम्पच्या इनपुटची केबल काढा. तरीही गुणगुण असेल तर ॲम्पमध्येच दोष आहे. गेली असेल तर एक एक जोडत जा, जिच्याने परत आली ती वाट पकडली. बहुतेक वेळा टीव्हीच्या केबलवाल्याची कोॲक्सियल निघते, ती सिस्टीमला जोडलेली असते आणि तिचं अर्थ कुठलं तरी भलतंच. तिथे त्या केबलच्या अर्थची जोडणी तोडणारा आयसोलेटर लावा. इन्व्हर्टरवर असतानाच गुणगुण येत असेल तर तुमचा इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असेल, साईन वेव्हचा घ्यावा लागेल.

प्रश्न : सर रेडीमेड ॲक्टिव्ह स्पीकर घेतले तर हा सगळा कुटाणा वाचतो ना? सात रस्त्याच्या दुकानात दोन जोड्या बघितल्या, दोन्हीवर ॲक्टिव्ह लिहिलंय, किमतीत चौपट फरक. — होटगी रोड

उत्तर : वाचतो, आणि तुमच्यासारख्याने तेच करावं. फक्त ॲक्टिव्ह आणि पॉवर्ड यात फरक आहे, डब्यावर काहीही लिहितात. स्वस्तवाल्या जोडीत एका डब्यात ॲम्प असतो आणि दुसऱ्या डब्याला दोन तारांची साधी स्पीकर वायर जाते, म्हणजे त्या दुसऱ्याच्या पोटात पॅसिव्ह क्रॉसओव्हरच आहे. ॲम्प आत बसवला इतकंच. खरं ॲक्टिव्ह असेल तर प्रत्येक डब्याला स्वतःचा प्लग असतो, किंवा मधली केबल चार तारांची असते. स्टुडिओ मॉनिटर बहुतेक खरे ॲक्टिव्ह असतात, आपल्याकडे कोलकात्याची सोनोडाईनही बनवते. मॉनिटर जवळून ऐकायला केलेले असतात, मोठ्या हॉलमध्ये १२ फुटांवरून ऐकणार असाल तर दुकानातही तेवढ्या लांब उभे राहून ऐका. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

प्रश्न : काका, आमच्या घरात सोलापुरी चादरी ढिगाने आहेत, भिंतीवर लावल्या तर आवाज सुधारेल का? की टेरी टॉवेल जास्त चांगला?

उत्तर : दोन्हीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय पण अकॉस्टिकसाठी नव्हे. चादर भिंतीला चिकटवून लावली तर फक्त वरचं शोषते, झांज मेली आणि बास तसाच घुमत राहिला असं होतं, हॉल मग जास्त बोजड वाटतो. जाड चादर दुहेरी करून, भिंतीपासून चार-सहा इंच पुढे, चुणीदार पडद्यासारखी सोडली तर जरा खालपर्यंत काम करते. स्पीकर आणि तुम्ही यांच्यामधल्या फरशीवर मात्र एक जाड चादर टाकाच, तिथे ती सोन्याची. टॉवेल आंघोळीला ठेवा.

प्रश्न : मी वर पहिला प्रश्न विचारणाऱ्यांची बायको. यांनी आधीच दोन ॲम्प आणून ठेवलेत, तुमचं उत्तर यायच्या आधी. रात्रंदिवस चालू ठेवतात, म्हणतात गरम असले की चांगले वाजतात. मे महिन्यात आमच्याकडे ४३-४४ डिग्री असतं, त्यात त्या कोपऱ्यात हात ठेवला की चटका बसतो. बिलाचं काय?

उत्तर : वहिनी, दोन्ही क्लास एबी, म्हणजे गाणं नसतानाही करंट ओढणारे, असतील तर नुसते चालू ठेवून एक एक ॲम्प ४० वॉट खाऊ शकतो. दोन मिळून ८०, दिवसाला १.९ युनिट, महिन्याला ५७ युनिट, एकही गाणं न लावता. ऐकण्याआधी वीस मिनिटं चालू केले तरी पुरेसे गरम होतात. कोपऱ्यातून काढून मोकळ्या जागी ठेवायला लावा, वर चार बोटं जागा सोडा आणि त्यावर कव्हर, फ्रेम, गणपती काही ठेवू देऊ नका. आणि रात्री झोपताना बंद कोण करणार यावर भांडण होणार असेल तर तुम्हीच करा, आधी दोन्ही ॲम्प, मग डीएसपी, मग बाकीचं. पितळी पट्ट्या तुमच्या कपाटात ठेवा, त्यांच्या नको.